पाचामुखी परमेश्वर, पण प्रश्न कुणाचा?

२०२३ च्या ऑक्टोबरात एका सकाळी माझ्या पुतणीचा टेक्सासहून फोन आला. ती ह्यूस्टनच्या एका उपनगरात राहते, आणि अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्यानंतरचं तिचं ते पहिलंच मतदान होतं. तिने नमुना मतपत्रिका समोर ठेवली होती आणि आवाजात वैताग होता. "काका, गॅल्व्हस्टनच्या खजिनदाराला घरी पाठवायचं की नाही, हे मी का ठरवायचं? मी गॅल्व्हस्टनला फक्त समुद्रावर जाते!"

तिच्यासमोर टेक्सासच्या राज्यघटनेत करायच्या १४ दुरुस्त्या होत्या. शेती करण्याचा हक्क घटनेत लिहावा का, संपत्तीकरावर कायमची बंदी घालावी का, निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनमध्ये महागाईपोटी वाढ करावी का, न्यायाधीशांचं सक्तीच्या निवृत्तीचं वय ७५ वरून ७९ करावं का. आणि बाराव्या क्रमांकावर गॅल्व्हस्टन कौंटीच्या खजिनदाराचं पद. त्या पदावर निवडून आलेल्या माणसाने हे पदच रद्द करतो म्हणून मतं मागितली होती, हा त्यातला आणखी एक मजेदार भाग. पण पद घटनेत लिहिलेलं, म्हणून काढायचं तर घटनादुरुस्ती, आणि घटनादुरुस्ती म्हणजे राज्यभराचं मतदान. एल पासोपासून ब्युमाँटपर्यंतचे मतदार एका किनारी कौंटीच्या हिशेबनिसाचा निकाल लावणार होते.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हाच आहे: अमेरिकेतल्या घटक राज्यांची विधिमंडळं आपापल्या घटनेत बदल सुचवतात आणि त्यावर लोकांचा कौल मागतात ती पद्धत. मराठीत याआधी या विषयावर स्वतंत्र पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. त्याला एक कारण आपल्या भाषेतच दडलेलं असावं. आपण 'राज्यघटना' म्हणतो तेव्हा देशाचीच घटना डोळ्यांसमोर येते. शब्दात राज्य आहे, पण महाराष्ट्राला स्वतःची घटना नाही. अमेरिकेत मात्र शब्दशः राज्याची घटना असते, पन्नास राज्यांच्या पन्नास, आणि त्यांतल्या काही संघराज्याच्या घटनेपेक्षाही जुन्या आहेत. मॅसॅच्युसेट्सची १७८० ची घटना आजही चालू आहे. संघराज्याची घटना आजवर २७ वेळा दुरुस्त झाली, आणि त्यातल्या एकाही दुरुस्तीवर सामान्य मतदाराला थेट मत देता आलं नाही. राज्यांच्या घटनांमध्ये दुरुस्त्या हजारोंनी झाल्या आणि बहुतेक सगळ्या मतपेटीतून गेल्या. आपण वर्तमानपत्रांतून जी अमेरिका वाचतो ती वॉशिंग्टनची. ही दुसरी अमेरिका.

नवख्या वाचकासाठी नकाशा थोडक्यात असा. पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत विधिमंडळाने सुचवलेली घटनादुरुस्ती लोकांपुढे न्यावीच लागते. अपवाद डेलावेअरचा. तिथे दोन लागोपाठच्या विधिमंडळांनी दोन-तृतीयांश बहुमताने ठराव केला की काम झालं. विधिमंडळात लागणारं बहुमत जागोजागी वेगळं. कुठे साधं, कुठे साठ टक्के, कुठे दोन-तृतीयांश. टेक्सासमध्ये कनिष्ठ सभागृहाच्या १५० पैकी १०० आणि सेनेटच्या ३१ पैकी २१ सदस्यांचा होकार हवा. गव्हर्नरची सही लागत नाही, त्यामुळे नकाराधिकाराचाही प्रश्न येत नाही. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, आयोवा, विस्कॉन्सिन अशा राज्यांत एकदा मंजूर करून भागत नाही. मध्ये निवडणूक होऊन नवं विधिमंडळ आलं पाहिजे, त्यानेही तोच मजकूर मंजूर केला पाहिजे, मगच मतदाराची पाळी. साउथ कॅरोलिनात उलटी गंमत आहे: लोकांनी हो म्हटल्यावर विधिमंडळ पुन्हा एकदा त्यावर मत देतं. म्हणजे सून पसंत करून, वरात दारात आल्यावर घरच्यांनी पुन्हा बैठक घ्यावी तसं.

याखेरीज सतरा राज्यांत नागरिक स्वतः सह्या गोळा करून दुरुस्ती मतपत्रिकेवर आणू शकतात. चर्चा होते ती बहुधा या सह्यांच्या मोहिमांची, कारण त्यात आंदोलन असतं, पैसा असतो, नाट्य असतं. पण राज्यघटना बदलण्याचं रोजचं, कंटाळवाणं आणि म्हणूनच खरं काम विधिमंडळांच्या ठरावांतून होतं. लेखिकांनी सह्यांचा मोह टाळून ठरावांकडे लक्ष दिलं, हे मला या पुस्तकाचं पहिलं श्रेय वाटतं.

इतिहासात मागे गेलं तर सुरुवातच एका नकारापासून होते. १७७८ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने स्वतः एक घटना लिहून गावसभांकडे पाठवली, आणि गावांनी ती फेटाळली. तक्रारी अनेक होत्या. हक्कांची सनद नाही ही एक, आणि जे विधिमंडळ घटनेखाली चालायचं त्यानेच घटना कशी लिहावी ही दुसरी. मग वेगळी परिषद बसली आणि १७८० चा मसुदा मंजूर झाला. पुढच्या अडीचशे वर्षांतला सगळा वाद त्या दुसऱ्या तक्रारीत बीजरूपाने आहे.

विधिमंडळाने दुरुस्ती सुचवायची आणि लोकांनी संमती द्यायची, ही आजच्या पद्धतीची घडी १८१८ च्या कनेक्टिकटच्या घटनेत नीट बसली. पुढच्या दशकांत ती पसरली. तिला खरा वेग आला तो कर्जबाजारीपणामुळे. १८३० नंतर राज्यांनी कालव्यांसाठी, रेल्वेसाठी, बँकांसाठी वारेमाप रोखे काढले. १८३७ ची मंदी आली आणि काही वर्षांत अनेक राज्यांनी हात वर केले. हात पोळलेल्या लोकांनी घटनांमध्येच लिहून ठेवलं की अमुक रकमेपुढे कर्ज काढायचं तर आम्हाला विचारा. राज्यघटना लांबलचक का झाल्या याचं उत्तर इथे आहे. विधिमंडळावर विश्वास उरला नाही की लोक कायद्याची कलमं उचलून घटनेत टाकतात, आणि एकदा तिथे टाकली की प्रत्येक किरकोळ बदलासाठी पुन्हा लोकांकडे यावं लागतं.

टेक्सासची १८७६ ची घटना या अविश्वासाचा उत्तम नमुना आहे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातल्या गव्हर्नरांच्या एकहाती कारभाराला विटलेल्या मंडळींनी ती लिहिली. विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरणार, अधिकार मोजून-मापून. परिणाम असा की आजवर तिच्यात पाचशेहून जास्त दुरुस्त्या झाल्या. १९७४ मध्ये आमदारांनीच परिषद म्हणून बसून नवी घटना लिहायचा घाट घातला, तो तीन मतांनी फसला. पुढच्या वर्षी तोच मजकूर आठ प्रस्तावांत तोडून लोकांपुढे ठेवला. लोकांनी आठही पाडले. जुनं घर गळतं, पण पाडून बांधायचं म्हटलं की कुणी तयार नाही, प्रत्येक पावसाळ्यात एक पत्रा बदलायचा.

अलाबामाची गोष्ट याहून काळी आहे. तिथली १९०१ ची घटना कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याच्या उघड हेतूने लिहिली गेली, आणि सत्ता राजधानी माँटगमरीत एकवटली. कौंट्यांना स्वतःचं असं काही ठरवताच येईना. एखाद्या कौंटीत बिंगो चालू द्यायचा की नाही, हाही घटनेचा विषय झाला. दुरुस्त्यांची संख्या नऊशेच्या पुढे गेली. आंतरवंशीय विवाहावरची बंदी या घटनेतून निघाली ती २००० साली. सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी १९६७ मध्येच निरर्थक ठरवली होती, तरी दहातल्या चार मतदारांनी ती ठेवावी म्हणून मत दिलं. हा आकडा वाचून मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलं होतं.

अभ्यासकांचे साधारण तीन पंथ दिसतात. पहिला 'नीटनेटकी घटना' म्हणणाऱ्यांचा. घटना छोटी असावी, मूलभूत असावी, बिंगो आणि खजिनदार कायद्यात जावेत. १९२१ मध्ये नॅशनल म्युनिसिपल लीगने आदर्श राज्यघटनेचा जो नमुना काढला, तो या पंथाचा पोथीग्रंथ. दुसरा पंथ नंतर उभा राहिला. जी. अ‍ॅलन टार यांनी १९९८ मध्ये राज्यघटनांना त्यांच्याच मोजपट्टीने मोजा असं सांगितलं. एमिली झॅकिन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की मोफत शिक्षण, कामगारांचं संरक्षण, पर्यावरण असे हक्क संघराज्याच्या घटनेत शोधून सापडत नाहीत, ते राज्यांच्या घटनांत, दुरुस्त्यांतून आलेले आहेत. जॉन डायनन यांचं २०१८ चं पुस्तक तर दुरुस्ती हीच राज्यकारभाराची एक रीत मानतं. तिसरा पंथ संशयवाद्यांचा. त्यांच्या मते मतदार प्रश्न वाचत नाही, वाचला तर समजत नाही, आणि समजला तरी अल्पसंख्याकांचे हक्क बहुमताच्या हाती द्यायचे नसतात. लेखिकांचा ओढा दुसऱ्या पंथाकडे आहे. माझं अर्धं मन तिसऱ्याकडे जातं, पण त्यांच्या तक्रारीचा पत्ता चुकलेला आहे असं मला वाटतं. मतदाराचं अज्ञान हा दुय्यम मुद्दा. घोडं पेंड खातं ते प्रश्न लिहिणाऱ्याच्या टेबलावर.

याची दोन-तीन उदाहरणं जरा जवळून पाहू. २०१६ मध्ये कोलोराडोच्या मतदारांपुढे प्रश्न होता की घटनेतल्या गुलामगिरीच्या मनाईला गुन्हेगारांच्या शिक्षेपुरता जो अपवाद ठेवला आहे, तो काढून टाकावा का. मनाई, तिला अपवाद, तो काढायचा: हो म्हणजे काय आणि नाही म्हणजे काय, हे लोकांना उमगेना. दुरुस्ती थोडक्यात पडली. गुलामगिरी हवी म्हणून पडली असं कुणीच म्हटलं नाही. दोन वर्षांनी तोच प्रश्न सोप्या वाक्यात विचारला आणि तो दणक्यात मंजूर झाला.

ती चूक होती. युटामधलं २०२४ चं प्रकरण चूक म्हणून सोडून देण्यासारखं नाही. लोकांनी २०१८ मध्ये सह्यांच्या मार्गाने मतदारसंघांच्या फेररचनेचा एक कायदा केला, विधिमंडळाने तो मोडीत काढला. २०२४ च्या जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांनी केलेल्या शासनसुधारणेवर असा बोळा फिरवता येणार नाही. ऑगस्टमध्ये विशेष अधिवेशन भरलं आणि असा बोळा फिरवता यावा अशी घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवायचं ठरलं. मतपत्रिकेवरचा सारांश दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांनी लिहिला, आणि त्यात म्हटलं की या दुरुस्तीने लोकांचा कायदे करण्याचा मार्ग बळकट होईल! लोकांचा अधिकार काढून घ्यायचा आणि कागदावर तो दिल्याचं लिहायचं, अशी ही मखलाशी. न्यायालयाने सप्टेंबरात दुरुस्ती रद्दबातल केली. सारांश दिशाभूल करणारा, शिवाय घटनेत सांगितल्याप्रमाणे मजकूर दोन महिने आधी वर्तमानपत्रांत छापलेला नाही. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या. लोकांनी त्या रकान्यात मत दिलं आणि ते मोजलं गेलं नाही.

वर्तमानपत्रातली ती जाहीर सूचना. आपल्याकडे आतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिका आणि जमिनीच्या शोधनोटिसांच्या शेजारी जी बारीक अक्षरं असतात, तिकडे आपण ढुंकून पाहत नाही. पण या विषयात त्या बारीक अक्षरांवर दुरुस्त्या जगतात आणि मरतात. २०२१ च्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात उघड झालं की बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना जुन्या प्रकरणांत दावे करण्याची मुभा देणारी दुरुस्ती संबंधित खात्याने छापायलाच दिली नव्हती. दोन अधिवेशनांची अट, त्यात पहिल्या मंजुरीनंतरची सूचना राहिली, म्हणजे पाटी कोरी. खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, पण वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसांना त्याचा काय उपयोग? आयोवातही शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती अशीच सूचना छापायची राहिली म्हणून पहिल्यापासून सुरू करावी लागली आणि २०२२ मध्ये मतदानाला आली.

दोन अधिवेशनांच्या या अटीबद्दल लेखिका फार ममतेने लिहितात. तिच्यामुळे विचाराला वेळ मिळतो, मध्ये निवडणूक होते, लोकांना कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती १९१५ मध्ये मतदारांनी, म्हणजे पुरुषांनी, पाडली. चळवळीतल्या स्त्रियांनी पुन्हा दोन विधिमंडळांचे उंबरे झिजवले आणि १९१७ मध्ये ती जिंकली. पेनसिल्व्हेनियातही ती १९१५ मध्येच पडली होती, पण तिथे पडलेली दुरुस्ती पाच वर्षं पुन्हा आणता येत नसे. ती मुदत भरते न भरते तोच १९२० ची संघराज्याची एकोणिसावी दुरुस्ती येऊन ठेपली. संयम आणि अडवणूक यांतली रेघ इतकी पुसट असते की ती कोण ओढतो यावरच सगळं ठरतं.

आणि अडथळ्यांची उंची. इथे मला या विषयातला सगळ्यात खमंग विरोधाभास दिसतो. फ्लोरिडात २००६ पासून घटनादुरुस्तीला साठ टक्के मतं लागतात. हा नियम घालणारी दुरुस्ती स्वतः ५८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळवून मंजूर झाली. मिनेसोटात १८९८ मध्ये ठरलं की निवडणुकीत मत देणाऱ्या सर्वांच्या बहुमताने दुरुस्ती व्हावी, म्हणजे तो रकाना रिकामा सोडणाराही विरोधात धरला जावा. ती दुरुस्ती तिच्याच कसोटीवर टिकली नसती. ओहायोच्या विधिमंडळाला हीच युक्ती २०२३ मध्ये सुचली. गर्भपाताच्या हक्काची नागरिकांनी आणलेली दुरुस्ती नोव्हेंबरात येणार होती, म्हणून ऑगस्टमध्ये घाईने विशेष मतदान लावलं: यापुढे साठ टक्के हवेत. गंमत म्हणजे ऑगस्टमधली बहुतेक विशेष मतदानं बंद करणारा कायदा याच विधिमंडळाने काही महिन्यांपूर्वी केला होता. ओहायोच्या लोकांनी सुमारे ५७ टक्के मतांनी नाही म्हटलं. त्याच्या वर्षभर आधी, २०२२ च्या ऑगस्टमध्येच, कॅन्ससच्या विधिमंडळाने राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क नाही असं लिहून घेण्याचा प्रस्ताव आणला होता. उन्हाळ्यातलं पक्षांतर्गत मतदान, गर्दी कमी असणार, असा हिशेब असावा. लोक रांगा लावून आले आणि प्रस्ताव ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी पडला.

हा विषय आजचा का आहे, हे आता वेगळं सांगायला नको. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवला, मतदारसंघांची मोडतोड राज्यांच्या हाती आहे, आणि वॉशिंग्टनमध्ये घटनादुरुस्ती होणं जवळजवळ बंद पडलं आहे. भांडणं राज्यांच्या मतपत्रिकांवर येऊन पडली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये लुईझियानाच्या मतदारांनी विधिमंडळाच्या चारही दुरुस्त्या एकदम परत पाठवल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मतदारसंघ बदलण्याचा विधिमंडळाचा प्रस्ताव भरघोस मतांनी उचलून धरला.

आपल्याकडे संसद घटना दुरुस्त करते, काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते, मतदाराला कुणी विचारत नाही. त्यामुळे मराठी वाचकाला असा थेट कौल परका वाटेल. पण एकदा आपल्या अंगणात तो झाला आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर मत दिलं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळेपण. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. हा निकाल महाराष्ट्रात अनेकांच्या जिव्हारी लागला, आणि त्याच्या कारणांवर आपण खूप लिहिलं. त्या मतपत्रिकेवर तिसरा पर्याय, गोव्याच्या स्वतंत्र राज्याचा, का नव्हता, हे मात्र क्वचितच विचारलं गेलं. ते राज्य व्हायला १९८७ चा मे उजाडला. लेखिकांनी गोव्याचा उल्लेख केवळ तळटीपेत केला आहे. पुढच्या आवृत्तीत त्याला एक प्रकरण द्यावं, ही माझी त्यांना विनंती.

पुस्तक कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरतं नाही. लेखिकांनी कलमांची जंत्री दिलेली नाही. त्या एकेक दुरुस्ती हातात घेतात आणि विचारतात की ही कुणाला हवी होती, कुणी लिहिली, कोणत्या महिन्यात मतदान ठेवलं, सारांशात काय गाळलं. मग मागे सरकत त्या राज्याच्या इतिहासापर्यंत जातात. काही ठिकाणी तपशील दाटतो. ज्यांना घाई आहे त्यांनी कर्जमर्यादेवरचा भाग दुसऱ्या वाचनासाठी ठेवला तरी चालेल. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मतदारांनी मात्र तोच आधी वाचावा, कारण त्यांच्या मतपत्रिकेवर येणाऱ्या प्रस्तावांपैकी बरेचसे पैशांचेच असतात.

पुतणीला मी त्या सकाळी एवढंच सांगितलं की सारांश वाच, मग मूळ ठराव वाच, आणि दोन्हींत फरक दिसला तर सारांश कुणी लिहिला ते शोध. त्या नोव्हेंबरात टेक्सासने १४ पैकी १३ प्रस्ताव मंजूर केले. गॅल्व्हस्टनचं खजिनदारपद गेलं. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७५ च राहिलं. तिने कुठे काय मत दिलं, ते मी विचारलं नाही.